लॅपटॉपमधली फिरती तबकडी गेली, चिप आली : साठवणुकीचा १९५६ पासूनचा इतिहास

रोजच्या वापरातल्या वस्तूंचा इतिहास सांगणाऱ्या आपल्या या मालिकेत आज विषय आहे लॅपटॉपच्या पोटातला. हा विषय बडोद्याच्या एका श्रोत्यांनी सुचवला. त्यांनी विचारलं होतं, "माझ्या लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली. दुकानदार म्हणतो एसएसडी टाका, लॅपटॉप नव्यासारखा पळेल. चार स्क्रू काढून एक डबी काढली, दुसरी घातली, इतकंच. मग नेमकं बदललं काय?"

प्रश्न साधा आहे, पण उत्तर मोठं आहे. कारण ती जुनी डबी आणि ही नवी डबी दिसायला सारखी असली, मापाला सारखी असली, तरी दोघींची कुळं वेगळी. एकीचा जन्म कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेचा, दुसरीचा जपानचा. एक फिरते, दुसरी जागची हलत नाही. आणि आपल्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोघींचं मरण वेगळं. आज हा इतिहास बघू, म्हणजे डिस्क बदलताना आपण काय मिळवतो आणि काय सोडून देतो, हे नीट कळेल.

एक टन वजनाची डिस्क

१९५० च्या सुमाराला मोठ्या कंपन्यांचे हिशेब भोकं पाडलेल्या कार्डांवर ठेवले जात. एका गिऱ्हाइकाची उधारी बघायची तर कारकुनानं कार्डांच्या पेटीतून नेमकं कार्ड काढायचं, नवं घालायचं. चुंबकीय फीत आली होती, पण तिची अडचण आपल्या पिढीला वेगळी सांगायला नको. कॅसेटवरचं सातवं गाणं ऐकायचं तर आधीची सहा गाणी पुढे ढकलावीच लागत.

आयबीएम कंपनीनं १९५२ मध्ये सॅन होजे इथे एक छोटी प्रयोगशाळा उघडली आणि ती रेनॉल्ड जॉन्सन या माणसाच्या हाती दिली. हे जॉन्सन मुळात शाळेत शिकवायचे. मुलांच्या उत्तरपत्रिका आपोआप तपासणारं यंत्र त्यांनी शोधलं, त्यातून ते आयबीएममध्ये आले. त्यांच्या गटानं ठरवलं की माहिती फितीवर नको, ग्रामोफोनच्या रेकॉर्डसारख्या तबकडीवर ठेवायची. म्हणजे हवं तिथे हात नेऊन ठेवला की झालं.

तबकडीवर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ, अगदी सारखा थर बसवायचा होता. त्यासाठी मोठं यंत्र नव्हतं. रंगासारखं ते मिश्रण पायमोज्याच्या तलम कापडातून गाळून, कागदी पेल्यातून फिरत्या तबकडीच्या मध्यावर ओतलं, की ते फिरण्याच्या जोरानं कडेपर्यंत पसरत असे. त्या प्रयोगशाळेच्या इतिहासात हा किस्सा नेहमी सांगितला जातो.

सप्टेंबर १९५६ मध्ये या यंत्राची घोषणा झाली. नाव रॅमॅक. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक रचलेल्या होत्या, त्या मिनिटाला १,२०० फेरे घेत. वजन एक टनाच्या वर. सगळ्या यंत्रणेचं महिन्याचं भाडं ३,२०० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दरानं जवळजवळ १५,००० रुपये. आणि इतकं करून त्यात मावायचं काय? ५० लाख अक्षरं. आजच्या हिशेबात पावणेचार मेगाबाइट. तुमच्या फोननं काढलेला एखादा चांगला फोटो तेवढा असतो.

पण मंडळी, त्या यंत्राची खरी करामत किती मावतं यात नव्हती. ५० लाखांपैकी कुठलंही अक्षर सरासरी सहा दशांश सेकंदात समोर येई, ही खरी करामत. हा सहा दशांशाचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तबकडी लहान होत गेली

ग्रामोफोनची सुई रेकॉर्डला टेकलेली असते. इथे तसं चालत नाही. वाचणारं आणि लिहिणारं जे टोक असतं, त्याला हेड म्हणतात, ते तबकडीला न टेकता हवेच्या पातळ थरावर तरंगतं. रॅमॅकमध्ये त्यासाठी दाबलेली हवा सोडावी लागे. १९६१ मध्ये आयबीएमनं जाहीर केलेल्या पुढच्या यंत्रात तबकडी फिरताना जी हवा ओढली जाते, तिच्यावरच हेड तरंगू लागलं. शिवाय प्रत्येक पृष्ठभागाला स्वतःचं हेड मिळालं.

१९७३ मध्ये आणखी एक मोठं पाऊल पडलं. तबकड्या, हेड आणि हात हे सगळं एका बंद डबीत आलं. या यंत्राचं टोपणनाव विंचेस्टर. सुरुवातीच्या आराखड्यात ३० मेगाबाइटचे दोन भाग होते, तीस-तीस, आणि त्याच आकड्यांची विंचेस्टर रायफल अमेरिकेत प्रसिद्ध होती, म्हणून गटप्रमुख केनेथ हॉटन यांनी गमतीनं ते नाव ठेवलं. तुमच्या लॅपटॉपमधून निघालेली डबी याच विंचेस्टरची नात.

त्यानंतरची कथा आकार कमी होण्याची आहे. १९८० मध्ये सीगेट या कंपनीनं सव्वापाच इंची, ५ मेगाबाइटची डिस्क काढली, ती टेबलावरच्या संगणकात बसू लागली. १९८३ मध्ये आयबीएमच्या पीसी एक्सटीत १० मेगाबाइटची डिस्क आली. आपण आजही तिला 'सी ड्राइव्ह' म्हणतो, त्याचं मूळ याच काळात आहे. ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीसाठी गेलेली होती, म्हणून हार्ड डिस्कच्या वाट्याला सी आलं. फ्लॉपी जाऊन जमाना झाला, पण हे 'सी' काही हललं नाही.

त्याच १९८३ मध्ये स्कॉटलंडच्या रोडाइम कंपनीनं साडेतीन इंची डिस्क आणली. आणि १९८८ मध्ये प्रेअरीटेक नावाच्या अमेरिकी कंपनीनं अडीच इंची. ही २० मेगाबाइटची डिस्क उचलून मांडीवर घेता येणाऱ्या संगणकासाठी होती. ही कंपनी फार काळ टिकली नाही, पण तिचं अडीच इंचाचं माप टिकलं. दुकानदार जेव्हा 'अडीच इंची एसएसडी' म्हणतो, तेव्हा ते माप १९८८ चं आहे.

त्याच १९८८ मध्ये युरोपात एक भौतिक शोध लागला. फ्रान्समध्ये आल्बेर फेर आणि जर्मनीत पीटर ग्र्युनबर्ग यांना स्वतंत्रपणे आढळलं की अतिशय पातळ धातूच्या थरांची रचना केली, तर अगदी क्षीण चुंबकीय क्षेत्रानंही तिचा विद्युतरोध खूप बदलतो. म्हणजे अधिक बारीक चुंबकीय खूण वाचता येणार. १९९७ मध्ये आयबीएमनं या तत्त्वावरचं हेड बाजारात आणलं आणि डिस्कची क्षमता झपाट्यानं वाढली. २००७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं. आपल्या लॅपटॉपमध्ये ५०० गिगाबाइट मावू लागले, त्यामागे हे काम आहे.

जिथे तबकडी अडली

आता तो सहा दशांशाचा आकडा काढा. रॅमॅकमधले पावणेचार मेगाबाइट आणि लॅपटॉपमधले ५०० गिगाबाइट यांची तुलना केली, तर क्षमता सव्वा लाखाच्या वर पटींनी वाढली. मग वेग किती वाढला?

लॅपटॉपची साधी डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी हात योग्य वर्तुळावर न्यायला आणखी १२ मिलिसेकंद धरा. एकूण १७ किंवा १८. रॅमॅकला ६०० मिलिसेकंद लागत. म्हणजे क्षमता लाखपटींनी वाढली, पण नेमकी जागा गाठण्याचा वेग पस्तीस पटींच्या आसपासच.

याचं कारण उघड आहे. चुंबकीय खुणा बारीक करता येतात, पण हाताला वजन असतं, त्याला हलायला वेळ लागतोच. तबकडी फार जोरात फिरवली तर तापते, आवाज करते, बॅटरी खाते.

एका जागेला १७ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला साधारण ६० जागा. समजा लॅपटॉप सुरू होताना इकडे तिकडे विखुरलेले ६,००० तुकडे वाचायचे आहेत. तर शंभर सेकंद गेले. तेवढ्यात तुम्ही चहाचं आधण ठेवून येता. हेच तुकडे एसएसडी एखाद्या सेकंदात वाचते, कारण तिथे हात न्यायचाच नसतो. दुकानदार 'नव्यासारखा पळेल' म्हणतो ते खोटं नाही. जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर बहुतेक वेळा डिस्कची वाट बघत बसलेला असतो. तुम्ही त्याची वाट मोकळी करून देता.

कोंडलेले इलेक्ट्रॉन

आता दुसरं कुळ. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत दावोन कांग आणि सायमन झी यांनी एक कल्पना मांडली. ट्रान्झिस्टरमध्ये एक छोटा वाहक तुकडा चारही बाजूंनी विद्युतरोधक थरानं वेढून ठेवायचा. त्यावर जोरानं इलेक्ट्रॉन ढकलले की ते आत अडकतात. वीज गेली तरी बाहेर पडायला वाट नाही. आत इलेक्ट्रॉन आहेत की नाहीत, हे बाहेरून ओळखता येतं. आहेत म्हणजे एक अर्थ, नाहीत म्हणजे दुसरा. झाली आठवण तयार.

या तत्त्वावरच्या चिपा १९७० च्या दशकात आल्या, पण पुसायची पंचाईत होती. काहींना चिपेवरच्या काचेच्या खिडकीतून अतिनील प्रकाश दाखवावा लागे. विजेनं पुसता येणाऱ्या चिपा होत्या, त्या महाग पडत.

तोशिबा कंपनीतले फुजियो मासुओका यांनी वेगळा विचार केला. प्रत्येक अक्षर स्वतंत्र पुसायची सोय ठेवली म्हणून चिप मोठी आणि महाग होते ना? मग ती सोय काढूनच टाका. एक सबंध गट एकदम पुसा. पुसणं कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखं एका झटक्यात होतं, म्हणून त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांनी नाव सुचवलं फ्लॅश. १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत मासुओकांनी ही कल्पना मांडली. १९८७ मध्ये त्यांनी अधिक दाट रचनेचा दुसरा प्रकार सादर केला, तो नँड फ्लॅश. तुमच्या फोनमध्ये, पेनड्राइव्हमध्ये आणि एसएसडीमध्ये आज जे आहे ते हेच.

मासुओकांनी १९९४ मध्ये तोशिबा सोडली आणि ते विद्यापीठात गेले. शोधाच्या योग्य मोबदल्यासाठी त्यांना आपल्या जुन्या कंपनीवर दावा लावावा लागला. २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. ज्या शोधावर अब्जावधींचा धंदा उभा राहिला, त्याच्या मानानं ही रक्कम किती, ते तुम्हीच ठरवा.

फ्लॅशपासून डिस्क बनवण्याच्या कामात एक भारतीय नावही आहे. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात एली हरारी, जॅक युआन आणि संजय मेहरोत्रा यांनी सनडिस्क ही कंपनी काढली. तीच पुढे सँडिस्क झाली. मेहरोत्रा जन्मानं कानपूरचे, काही काळ पिलानीला शिकलेले. त्यांच्या कंपनीनं १९९१ मध्ये आयबीएमला लॅपटॉपसाठी २० मेगाबाइटची फ्लॅश डिस्क दिली. किंमत साधारण १,००० डॉलर. मेहरोत्रा २०१७ पासून मायक्रॉन कंपनीचे प्रमुख आहेत. जून २०२३ मध्ये गुजरातेत साणंदला चिपांची जुळणी आणि चाचणी करणारा कारखाना जाहीर झाला, तो याच मायक्रॉनचा.

२० मेगाबाइटला हजार डॉलर, म्हणून फ्लॅश डिस्क बराच काळ लष्कर आणि उद्योगांपुरती राहिली. सामान्य माणसाकडे ती आधी मागच्या दारानं आली, कॅमेऱ्याच्या कार्डातून, पेनड्राइव्हमधून, गाणी ऐकायच्या डबीतून. २००१ च्या पहिल्या आयपॉडमध्ये छोटी फिरती डिस्क होती. २००५ च्या आयपॉड नॅनोमध्ये फ्लॅश आली. इतक्या चिपा बनू लागल्यावर किमती उतरल्या.

आपल्याकडचं एक उदाहरण मला फार आवडतं. मुलांसाठी स्वस्त लॅपटॉप बनवण्याचा 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' हा जागतिक उपक्रम आठवत असेल. त्याचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतच्या बाजूला एका छोट्या गावाच्या शाळेत झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क नव्हतीच, १ गिगाबाइट फ्लॅश होती. मुलांच्या हातून पडणार, धूळ जाणार, वीज कमी. तिथे फिरती तबकडी टिकली नसती. मुंबईच्या कितीतरी कार्यालयांत तेव्हा डिस्का घरघरत होत्या आणि डोंगराच्या कुशीतली मुलं बिनतबकडीचा लॅपटॉप वापरत होती.

२०११ च्या उत्तरार्धात थायलंडला मोठा पूर आला. जगातल्या हार्ड डिस्कचा मोठा हिस्सा तिथे बनत असे. कारखाने पाण्यात गेले, किमती कडाडल्या. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचं नेहरू प्लेस, बंगळुरूचा एसपी रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, असल्या बाजारांत ज्यांनी त्या महिन्यांत डिस्क विकत घेतली त्यांना तो भाव आठवत असेल. पुढच्या काही वर्षांत एसएसडी स्वस्त झाली आणि जुन्या लॅपटॉपमध्ये ती घालून देणं हे या गल्ल्यांतलं रोजचं काम होऊन बसलं.

अक्काचा लॅपटॉप

आता प्रत्यक्ष बदलाकडे येऊ. माझी मावसबहीण बेळगावला असते, निवृत्त शिक्षिका. आम्ही तिला अक्का म्हणतो. तिच्या लॅपटॉपमधून टक्, टक्, टक् असा आवाज येऊ लागला आणि एका सकाळी तो सुरूच होईना. तिनं जवळच्या एका दुकानात दाखवला. तिथला मुलगा म्हणाला, फॉरमॅट मारून बघू. तिनं नको म्हटलं आणि मला फोन केला. "लॅपटॉप गेला तर गेला रे. त्यात बाबा आहेत की."

तिचे वडील, म्हणजे माझे काका, रेल्वेत होते. हुबळीला बरीच वर्षं काढली. शेवटच्या दोन वर्षांत अक्कानं त्यांना बोलतं करून त्यांच्या आठवणी रेकॉर्ड केल्या होत्या. वाफेची इंजिनं, रात्रपाळ्या, बदल्या, आजीचं माहेर. एकूण चौदा ध्वनिफिती. काका आता नाहीत.

तो टकटक आवाज म्हणजे काय? हेडला तबकडीवर आपली जागा सापडत नाही, म्हणून हात परत मागे येतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. प्रत्येक प्रयत्नात नुकसान वाढण्याचा धोका. आजच्या डिस्कमध्ये हेड आणि तबकडी यांच्यातलं अंतर काही नॅनोमीटर असतं. तुमच्या खोलीतला धुळीचा साधा कण त्याच्या शेकडो पट मोठा. म्हणून अशी डिस्क घरी उघडून बघायची नसते, पुन्हा पुन्हा चालू करायची नसते आणि फॉरमॅट तर मुळीच करायची नसते. फ्रीजमध्ये ठेवा वगैरे सल्ले मिळतात, तेही करू नका. आत दव साचतं.

मी बेळगावला गेलो. आधी लॅपटॉप पूर्ण बंद केला, चार्जर काढला, मागचं झाकण उघडून बॅटरीची जोडणी सुटी केली. हे सगळ्यात आधी. मग डिस्क धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या चौकटीचे चार स्क्रू काढले, डबी बाजूला सरकवून कनेक्टरमधून ओढली. तिच्या जागी तेवढ्याच मापाची एसएसडी बसवली. तेच चार स्क्रू, तीच भोकं. साटा नावाची ही जोडणी २००३ च्या सुमारास आली. तिला पलीकडे तबकडी आहे की चिप, याच्याशी देणंघेणं नसतं. म्हणून तर ही अदलाबदल इतकी सोपी. पेनड्राइव्हवरून विंडोज नव्यानं घातलं. पाऊण तासात लॅपटॉप उभा राहिला, आणि अक्का म्हणाली, "एवढ्यात सुरू झाला पण?"

एसएसडी घेण्याआधी आपला लॅपटॉप कुठली जोडणी घेतो, ते जरूर बघा. बऱ्याच नव्या लॅपटॉपांत अडीच इंची खण नसतोच. च्युइंगगमच्या पट्टीसारखी एम डॉट टू नावाची पट्टी असते. काही लॅपटॉपांत तर चिप मुख्य बोर्डालाच जोडून टाकलेली असते. तिथे स्क्रू काढून बदलायला काही शिल्लकच नाही.

खरं काम जुन्या डिस्कचं होतं. ती वेगळ्या केबलनं दुसऱ्या संगणकाला जोडली आणि डीडीरेस्क्यू या मोफत प्रोग्रॅमनं तिची नक्कल काढायला लावली. या प्रोग्रॅमची रीत शहाणपणाची आहे. तो खराब जागेशी भांडत बसत नाही. आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलून घेतो, नोंद ठेवतो, आणि मग मागे उरलेल्या अवघड जागांकडे वळतो. म्हणजे डिस्क मध्येच गेली, तरी बरंचसं हाती लागलेलं असतं. आमच्या डिस्कचं हेड अजून थोडं शुद्धीवर होतं, म्हणून हे जमलं. ते पुरतं गेलेलं असतं, तर धूळविरहित खोली असलेल्या व्यावसायिक प्रयोगशाळेलाच डिस्क द्यावी लागली असती, आणि तो खर्च लॅपटॉपच्या किमतीपेक्षा जास्त असू शकतो.

दीड दिवस ते काम चाललं. चौदापैकी बारा ध्वनिफिती पूर्ण मिळाल्या. उरलेल्या दोन वाचता आल्या नाहीत. त्यातली एक अक्काच्या मुलानं कधीतरी पेनड्राइव्हवर घेतली होती, ती पुण्याला त्याच्या ड्रॉवरमध्ये सापडली. दुसरी आजीच्या माहेराची. तिची नक्कल कोणाकडेच नव्हती, ती गेली. अक्कानं त्या दिवशी संध्याकाळी बसून, तिला आठवत होतं तेवढं वहीत लिहून काढलं. पण काकांचा आवाज त्यात नाही.

न सांगता जाणारी डिस्क

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. नेमकं बदललं काय? वेग वाढला, धक्क्याची भीती गेली, आवाज गेला, बॅटरी वाचली. हे सगळं खरं आणि मोलाचं. पण एक गोष्ट आपल्या हातून सुटली, ती कोणी सांगत नाही.

फिरती डिस्क म्हातारी होते तेव्हा बऱ्याचदा कुरकुरते. आवाज करते, मंद होते, एखादी फाइल उघडायला वेळ लावते. नेहमीच नाही, पण पुष्कळदा. एसएसडीत फिरणारं काही नाही, म्हणून कुरकुरणारंही काही नाही. रात्री व्यवस्थित बंद केलेला लॅपटॉप सकाळी म्हणतो, डिस्कच सापडत नाही.

तिलाही वय असतं. इलेक्ट्रॉन आत ढकलताना आणि बाहेर काढताना तो काही नॅनोमीटर जाडीचा रोधक थर दर वेळी किंचित झिजतो. म्हणून प्रत्येक गट ठरावीक वेळाच पुसता येतो. आतला नियंत्रक ही झीज सगळ्या गटांत सारखी वाटत राहतो, त्यामुळे साध्या घरगुती वापरात हे आयुष्य सहसा पुरून उरतं. पण नियंत्रकच बिघडला, तर चिपांतली माहिती शाबूत असूनही कुठला तुकडा कुठे ठेवलाय, हे सांगणारं कोणी राहत नाही.

आणखी दोन फरक लक्षात ठेवा. जुन्या डिस्कवर चुकून पुसलेली फाइल त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत बहुधा परत मिळत असे. एसएसडीत ट्रिम नावाची सोय असते. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून ती रुळली. तुम्ही फाइल पुसली की ती जागा रिकामी झाल्याचं डिस्कला कळवलं जातं, आणि डिस्क सवडीनं ती खरोखर साफ करते. मग परत मिळणं जवळजवळ अशक्य.

दुसरं म्हणजे कोंडलेले इलेक्ट्रॉन हळूहळू गळतात, उष्णतेत अधिक. घरगुती एसएसडीसाठी उद्योगानं जे मानक ठरवलं आहे, ते असं : ठरलेलं सगळं आयुष्य वापरून झाल्यावरही, वीज न देता ३० अंश तापमानात तिनं एक वर्ष माहिती सांभाळावी. नवी, कमी वापरलेली डिस्क याहून कितीतरी जास्त टिकते. पण नागपूरच्या किंवा ग्वाल्हेरच्या मे महिन्यात कपाटातलं तापमान काय असतं, ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून जुनी, घासून वापरलेली एसएसडी फोटो भरून कपाटात ठेवून द्यायची आणि विसरून जायचं, असं करू नका.

मग टिकतं काय? इतिहासाचा विद्यार्थी म्हणून माझं उत्तर एकच आहे. नक्कल टिकते. ज्ञानेश्वरी १२९० ची. सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतलेली ती मूळ प्रत आज आपल्याकडे नाही. पोथी टिकली ती नकला करणाऱ्यांमुळे. नकलांत पाठभेद शिरले, तेव्हा १५८४ मध्ये एकनाथांनी प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. ताडून बघायला अनेक प्रती होत्या म्हणूनच ते शक्य झालं. कागद कुठला, शाई कुठली, यापेक्षा किती घरांत प्रत होती, हे महत्त्वाचं ठरलं.

आपल्या फायलींनाही हेच लागू आहे. जे गमावून चालणार नाही, त्याच्या तीन प्रती ठेवा. त्यातल्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि निदान एक वेगळ्या घरात, वेगळ्या गावात किंवा क्लाउडवर. घरच्या प्रतीसाठी बाहेरून जोडायची फिरती हार्ड डिस्क अजूनही उत्तम. ती स्वस्त आहे, आणि रोज वापरायची नसल्यानं तिचा मंदपणा आड येत नाही. मोठमोठ्या डेटा सेंटरांतही फिरत्या तबकड्या आजही भरपूर आहेत, त्या याच कारणानं. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत म्हणा हवं तर, ती डिस्क काढा, जोडा, दोनचार फायली उघडून बघा. नुसती प्रत असून भागत नाही, ती उघडतेय ना, हे बघावं लागतं.

तर बडोद्याच्या श्रोत्यांना माझं सांगणं असं की एसएसडी जरूर टाका. लॅपटॉप आणखी काही वर्षं आनंदानं चालेल. पण नवी डबी बसवली त्याच दिवशी दुसरी प्रत काढायची सोयही करून ठेवा, कारण ही डबी जाताना आवाज करणार नाही. आणि घरात कोणा वडीलधाऱ्यांचा आवाज रेकॉर्ड केलेला असेल, तर तो आजच भावंडांना पाठवून द्या. पुढच्या भागात आपण वळणार आहोत फितीकडे, कॅसेट घरोघरी कशी पोचली त्या कथेकडे. तोवर नमस्कार.